इंदूचा कौल

“उघडा ना, आत्याबाई. डोळे मिटून बोट ठेवा. जे वचन निघेल तो माझा कौल.”

इंदूने पवित्र शास्त्राचे, बायबलचे पुस्तक जानकीबाईंच्या मांडीवर ठेवले आणि पदर सावरून समोर बसली. तिची आई देवासच्या टेकडीवर देवीला फुले लावून अशीच बसायची. उजवे पडले तर हो, डावे पडले तर नाही.

“अगं, बाप्तिस्मा झाला तरी टेकडी उतरली नाहीस का तू?”

“हसू नका हो. उद्या डाक्टरीणबाईंना जबाब द्यायचाय. मला तर कुछ सुचतच नाही.”

गंधवानीला भिल्लांच्या वस्तीत मिशनचा छोटा दवाखाना निघत होता, आणि तिथे नर्स हवी होती. गेली तर इंदू नाताळापुरती परत येणार. नाही तर सध्या ती नर्स होती तो धारचाच दवाखाना आणि जानकीबाईंच्या या दोन खोल्या.

जानकीबाईंचे यजमान मिशनचे प्रचारक होते. ते गेल्यावर घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचे काम बाईंकडे आले. माहेर धारच्या पवार राजांच्या चाकरीतले. त्याचे दार बाप्तिस्म्याच्या दिवशी लागले ते लागलेच. दिवसभर हिंदी-माळवीत देव सांगायचा आणि दिवेलागणीला मराठीत बोलायला समोर भिंत. मग, बाटली म्हणून मावशीने दारातूनच परत पाठवलेली इंदू ‘आत्याबाई’ म्हणत राहायला आली आणि घराला कंठ फुटला.

पुस्तक आपसूक कुठे उघडेल ते जानकीबाईंना ठाऊक होते. वैधव्याच्या पहिल्या वर्षात त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचली होती. विधवा सून सासूला सोडून जायला तयार होत नाही, ती. बांधणी तिथेच मोडली होती. इंदू ते पान वाचील, गळ्यात पडेल आणि राहील. खोटे बोलावेही लागणार नाही.

बोटे पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत गेली. पोर आपणहून मागते आहे. आपण फक्त हात सैल सोडायचा.

त्यांनी पुस्तक उचलून फळीवर ठेवले.

“नाही उघडायचं.”

“का?”

“माझ्या हाताला सरावलंय ते. मला हवं तेच बोलेल.”

“मग तुम्हाला काय हवंय?”

जानकीबाईंनी पदराने चष्मा पुसला.

“माझं राहू दे, ते मी देवाशी भांडेन. तू सांग, गंधवानीचं नाव घेऊन प्रार्थनेला बसलीस की काय होतं?”

“भ्या वाटतं. त्यांची बोली येत नाही, साप-विंचू, सगळं रान.”

“आणि इथलं नाव घेतलं की?”

इंदू चटईची काडी उपसत राहिली. “इथलं घेतलं तरी गेल्या दौऱ्यात गंधवानीला पाहिलेल्या त्या बाळंतिणीच येतात डोळ्यांपुढं. मग उठवत नाही. रडू येतं, पण बरं वाटतं.”

“मग आणखी कोणाला विचारतेस?”

“पण तुम्ही एकट्या—”

“मी म्हणजे वेशीवरचा धोंडा. मला कोण पळवून नेतंय!”

इंदू हसली, आणि हसता हसता तिने त्यांच्या गुडघ्यावर डोके टेकले.

आठवड्याने मोटारीच्या टपावर इंदूची पेटी चढली. रघुजी ड्रायव्हर भोंगा वाजवत ओरडला, “चलो बेन, जल्दी करो! माजी, तमारे बी चलनो है कंई?”

“नी रे भिया. हिला नीट ने, खड्डे चुकव.”

“खड्डा चुकऊं तो रस्तो कां बचे, माजी!”

सगळी मोटार हसली. इंदू खिडकीतून काही म्हणाली, ते इंजिनाच्या घरघरीत विरले. धूळ खाली बसेपर्यंत जानकीबाई तिथेच उभ्या होत्या. ओठांत ओवी आपोआप जुळत होती:

गंधवानीची गं वाट, वाट काट्याकुट्याची
पुढं काठी वाजे बाई, माझ्या मेंढपाळाची

दिवेलागणीला त्या प्रार्थनेला बसल्या. इंदूचे नाव घेऊन मागितले, रस्त्यासाठी मागितले, त्या अनोळखी बाळंतिणींसाठी मागितले. स्वतःसाठी मागायचे म्हणून तोंड उघडले, आणि काय मागावे ते सुचेना.

प्रार्थना संपली. रोज या जागी दोघींचे आमेन एकदम निघायचे. बाहेरून टांगा गेला.

मग त्यांनी आपल्या वाटचे आमेन म्हटले. आणि जरा थांबून, हलक्या आवाजात, इंदूच्या वाटचेही.