अकरा मशिनी

शिलाईच्या त्या कारखान्यात दोघी जावा कामाला होत्या. थोरली इस्त्रीवर, धाकटी मशिनीवर. पोटुशी असताना सहाव्या महिन्यात पाठ दुखायला लागली म्हणून धाकटीनं स्टुलाऐवजी खुर्ची मागितली, तर दुसऱ्याच दिवशी तिला फाटकाबाहेर काढलं. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. युनियन काढायची आणि जावेला परत कामावर आणायचं, असा तिनं चंगच बांधला.

कामही तिनं रीतसर केलं. दोन महिने बायकांची घरं पालथी घातली. पुठ्ठ्यावर अख्ख्या हॉलचा नकाशा काढून एकेका जागेवर खूण केली: ही नक्की, ही भित्री, हिचा नवरा आडवा येतो. पुढारी म्हणून कॉलर लावणारी निवडली. तिला सगळ्या भोंगा म्हणत. ती बोलायला लागली की सुपरवायझरही काढता पाय घ्यायचा. असं माणूस पुढे असल्यावर काम फत्ते, असं थोरलीला वाटलं. कुणालाही तसंच वाटलं असतं म्हणा.

खिडकीपाशी उसवणारी बसायची. शिवण चुकली की जी ती तिच्याकडे धावे. ती मुकाट्यानं टाके उसवी आणि सुपरवायझरची नजर पडायच्या आत कपडा परत देई. वीस वर्षांची नोकरी, पण वर आवाज म्हणून नाही. थोरलीनं तिच्या जागेवर फुली मारली.

"ती साहेबाच्या गोटातली. तिच्या कानावर काही जाऊ देऊ नका," तिनं सगळ्यांना बजावलं.

ठरल्या दिवशी अकराच्या ठोक्याला मशिनी थांबायच्या होत्या. दीडशे जणींनी शब्द दिला होता. भोंगानं बटण दाबलं आणि ती "बंद करा गं!" म्हणून ओरडली. आणखी दहा मशिनी थांबल्या. बाकीच्या जणी माना वळवून खिडकीकडे बघत बसल्या. तेव्हा कुठे थोरलीच्या डोक्यात उजेड पडला. पण आता पडून काय उपयोग? उसवणारीला काहीच ठाऊक नव्हतं. ती गोंधळली, तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि पुढचा कपडा हातात घेतला. झालं, हॉल पुन्हा धडधडू लागला.

त्या अकरा जणी आणि थोरली, सगळ्यांना दुपारी हाकलून दिलं. जेवणाच्या सुट्टीत उसवणारी फाटकाच्या जाळीपाशी आली.

"मला का नाही सांगितलंत?"

"वाटलं, तुम्ही साहेबाला सांगाल."

उसवणारी बोटांना चिकटलेले दोरे काढत राहिली. "तुझ्या जावेला शेवटी शेवटी बसवत नव्हतं गं. तिच्या चुका मीच झाकत होते." "एक हाक मारायचीस."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी धाकटी पोट सांभाळत दारातच उभी होती. "जाऊबाई, उठल्या का हो सगळ्या?"

आता घरात दोघींपैकी एकीचीही नोकरी नव्हती. थोरली उंबऱ्यातच मटकन बसली आणि रडायला लागली, तशी धाकटीच तिची समजूत घालू लागली.