नळकांड्यातली दारू

ड्यूई स्ट्राउडला एकच खोड होती, बघायची. वायोमिंगमधल्या त्याच्या खेड्यात काडतुसं घरीच भरणारे चिक्कार. कामाच्या बाकावर एका वेळी बंदुकीच्या दारूचा एकच डबा, हा नियम सगळे पाळत. ड्यूईनं मात्र दोन उघडले. एकातली झपकन पेटणारी, दुसऱ्यातली सावकाश, पण दोन्ही दिसायला करड्या राखेसारख्या. मग फरक असतो तरी कुठे? ते भिंगातून बघायचं होतं.

तेवढ्यात गाय कुंपण मोडून निघाली. तिला बांधून ड्यूई परत आला, तर काडतुसात दारूचं माप टाकणाऱ्या यंत्राचं नळकांडं काठोकाठ भरलेलं आणि दोन्ही डब्यांचा तळ दिसत होता. यंत्रात कुठली दारू ओतली, ते गाईमागे धावताना डोक्यातून सांडून गेलं होतं.

उद्या गावची नेमबाजी. वडिलांचं रिव्हॉल्व्हर वर्षातून त्या एकाच दिवशी पेटीबाहेर येई. आणि दुकानात महिनाभर दारूचा कण नव्हता.

ड्यूईनं चिमूट हुंगली, उन्हात धरली, भिंग लावलं. दाणे गप्पच.

चुलतभाऊ रॉयस कॉफी प्यायला आला. "पुस्तकातला मापाचा आकडा काढ आणि भर की लेका."

"कुठल्या दारूचा काढू? प्रत्येकीचा वेगळा असतो."

"मग दोन्हींच्या मधला धर."

"गेल्या साली तूच धरला होतास ना मधला?" चुलीजवळून ड्यूईची बायको आर्लीन म्हणाली.

तेव्हा रॉयसच्या रिव्हॉल्व्हरचा वरचा तुकडा उडाला तो थेट चर्चच्या घंटेवर आदळला, आणि मंगळवार असूनही अर्धं गाव प्रार्थनेला जाऊन बसलं. खोटं वाटत असेल त्यानं घंटेवरचा पोचा बघून यावा.

"माझी बोटं शाबूत आहेत," रॉयस पुटपुटला.

"नशीब शाबूत होतं," आर्लीन म्हणाली. "ड्यूई, तुझ्या बापानं पन्नास वर्षं जपलेली वस्तू आहे ती. कोडं सोडवायला वापरू नकोस."

ड्यूई उठला आणि नळकांडं भोपळ्याच्या वेलाखाली रिकामं केलं. यंत्र पुसलं. झपकन पेटणाऱ्या दारूचा डबा कपाटात बंद केला. सावकाश पेटणाऱ्या दारूच्या डब्यावरचं नाव दोनदा वाचलं, पुस्तकात तेच नाव आणि आपल्या गोळीची ओळ शोधली आणि सगळ्यात कमी मापाचा आकडा घेतला. प्रत्येक माप तराजूवर तोलून, पुंगळ्यांत दुप्पट दारू पडली नाही ना ते डोकावून बघून, पाच काडतुसं झाली. सहाव्यापुरती दारू उरली नाही.

दुसऱ्या दिवशी नेमबाजीत पाडायचे पत्रे सहा होते. ड्यूईनं पाच पाडले, सहावा उभा राहिला. रॉयसनं सहाही पाडले आणि आठवडाभर गावाला ऐकवलं. वडिलांचं रिव्हॉल्व्हर ओरखड्याशिवाय पेटीत गेलं.

शरदात भोपळा एवढा फुगला, की गाय त्याच्या सावलीत झोपू लागली.

"कुठल्या डब्यातली घातली होतीस रे?" रॉयसनं हळूच विचारलं.

"तेच तर बघायचं होतं," म्हणत ड्यूईनं भिंग काढलं.