नंदादीपावरची फुंकर

बन्सीनं मिरच्या-गोवऱ्या भरलेलं धुरीचं मडकं गाभाऱ्यात आणून आदळलं, तशी द्वारकाबाई नंदादीपापुढं मांडी ठोकून बसली. सख्खा दीर झाला म्हणून काय झालं!

सोयगावच्या वर, डोंगराच्या कपारीतलं हे महादेवाचं देऊळ. वैशाखातल्या यात्रेआधी धुरी करून वाघळं हाकलायची, ही जुनी रीत. धुरीचा विस्तव मात्र नंदादीपावरूनच घ्यायचा; देवापुढं काडी ओढायची नाही. नवरा गेल्यापासून पूजेची पाळी द्वारकाबाईकडं होती. गावात तिला मान होता तो त्या दिव्यामुळं.

यंदा औरंगाबादच्या कॉलेजातल्या सरोजिनीबाई आवाज टिपायचं यंत्र घेऊन कपारीत येऊन बसल्या होत्या. इथल्या वाघळांच्या नाकावरची कातडीची पाळी, दात, आवाज, काहीच माहितीतल्या जातींशी जुळेना. जात नवी असावी, पण पक्कं करायला वेळ लागेल, असं सांगून त्या गेल्या. तोवर धुरी करू नका, माद्यांच्या अंगावर पिल्लं आहेत, अशी विनवणीही करून गेल्या.

बन्सीसोबत आलेल्या सरपंच कारभारीनं तिला समजावलं. यात्रेत लोकांच्या डोक्यावर लेंड्या पडतात, बाई गेली शहरात, गावात राहायचंय आपल्याला. शेवटी तो सरळच बोलला, “काकू, धुरी नाय झाली तर पाळी बन्सीला जाईल.”

“जाऊ दे. दरसाली मेलेली पिल्लं खराट्यानं मीच लोटलीत ना? मेली तरी आईच्या पोटापासून सुटत नव्हती, कारभारी. जात नवी असू दे नाय तर जुनी, यंदा धुरी नाय.”

“वैनी, सरका,” म्हणत बन्सीनं दिव्याकडं काकडा नेला.

दिव्याला फुंकर घालू नये, हे द्वारकाबाईनंच गावातल्या सुनांना शिकवलं होतं. ती वाकली आणि तिनं फुंकर घातली.

गाभाऱ्यात अंधार झाला. नंदादीप एकदा मालवला की पुन्हा महाशिवरात्रीलाच लावायचा, हीही गावचीच रीत. कारभारी बाहेर गेला. द्वारकाबाईनं कमरेची देवळाची किल्ली सोडून आपण होऊन बन्सीच्या हातावर ठेवली. तेवढ्यापुरते तिचे डोळे भरून आले.

यात्रेला ती सगळ्यांसारखी रांगेत उभी राहिली. बायका तिच्यापासून अंतर राखून होत्या. आत पोचली तेव्हा पुजारी झालेल्या बन्सीनं तिच्या हातावर तीर्थ घातलं आणि वर फडफड ऐकून छताकडं बॅटरी मारली.

“खाली धरा भाऊजी,” ती म्हणाली. “वर लेकुरवाळ्या हायेत.”