पाय नेमका कुणाचा थरथरतो

बाबांनी स्वतःच्याच फाटकाला पिकअप धडकवली, तीही माणूस चालतो त्या वेगाने, तेव्हा घरात बैठक बसली. बाबांचं म्हणणं एकच: थांबायच्या ऐन वेळी ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरतं आणि गाडी पुढे सरकते.

थोरल्या लेकीने ते हसण्यावारी नेलं. "पेडल नाही बाबा, तुमचा पाय थरथरतो. वय झालं." ती गॅरेज चालवते, त्यामुळे सगळ्यांनी तिचंच खरं मानलं. चावी तिच्या खिशात गेली. घरच्या नर्सरीतल्या कुंड्या पोचवायला धाकट्या लेकाने दुसरा ड्रायव्हरही पाहून ठेवला.

चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस मग खिडकीत बसून अंगणातल्या पिकअपकडे बघू लागला. जेवायला चार-चार हाका माराव्या लागत. आईला ते बघवेना. चौथ्या दिवशी तिने लेकीला फोन केला, "जगाच्या गाड्या तपासतेस, घरच्या गाडीने काय घोडं मारलंय?"

लेक आली, ती निव्वळ आईच्या समाधानासाठी. बाबा शेजारी बसले, हाताची घडी घालून. गल्लीच्या टोकाला तिने हळूच ब्रेक दाबला आणि पेडल तिच्या पायाखाली थरथरलं. गाडी हातभर पुढे गेली. लेकीचं वय छत्तीस, पाय ठणठणीत.

बाबा बाहेर बघत म्हणाले, "वय झालं."

तिने गाडीतले आकडे दाखवणारा स्कॅनर जोडला, तो बाबांच्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा फेरी मारली.

"दहा, दहा, दहा, दहा," बाबा चारही चाकांचे वेग वाचू लागले. "सात, सात, सात... पुढच्या डाव्याचं शून्य. थांबलो का आपण?"

"नाही ना."

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चाक फिरतंय, पण त्याचा सेन्सर सांगतोय की थांबलं. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस बिचारं समजतं, चाक जाम होऊन घसरतंय, आणि मदतीला धावून ब्रेक सैल करतं. त्याला यात काही बिघाडच दिसत नाही, म्हणून डॅशबोर्डवरचा दिवाही लागत नाही.

गॅरेजमध्ये चाक उतरवून तिने सेन्सर काढला. त्याच्या बैठकीवर गंजाचे पापुद्रे चढले होते, त्यांनी सेन्सर केसभर वर उचलला होता, त्यामुळे चाक हळू फिरू लागलं की त्याला ते कळतच नसे. समोरच्या भिंतीवर तिच्याच हातची पाटी होती: 'सेन्सर बसवण्याआधी जागा घासा.'

"न घासता कुणी बसवला हा?" तिच्या कारागिराने विचारलं.

बाबांना माहीत होतं. ते पाटीकडे बघत राहिले.

"मी," ती म्हणाली. "मागच्या वर्षी चाकाचं बेअरिंग बदलताना सेन्सर काढला होता तेव्हा. घरचीच गाडी म्हणून घाई केली."

मग तिने कुणाला हात लावू दिला नाही. जागा स्वतः घासली, अगदी लखलखीत होईपर्यंत, नवा सेन्सर बसवला, दोन फेऱ्या मारल्या. चारही आकडे एकत्र शून्यावर आले. खिशातली चावी काढून तिने बाबांच्या हातावर ठेवली.

"चुकलं माझं, बाबा. माझ्या गंजापायी तुम्हाला म्हातारं ठरवलं."

"हे घरी सगळ्यांसमोर बोल," बाबा म्हणाले आणि स्टिअरिंगवर बसले.

फाटकापासून बरोबर वीतभर अंतरावर पिकअप थांबली. बाबांनी उतरून वीत लावून पाहिली, मग लेकीलाही लावायला लावली. तिने धाकट्याला दारात बोलावलं, आईसमोर आपली चूक सांगितली आणि त्या नव्या ड्रायव्हरला नको म्हणून कळवायला सांगितलं.

त्या दिवशी आईला जेवायला एकच हाक मारावी लागली.