अरुंधतीचं अंजन

खांब गावाच्या आतल्या माळावर अवसेच्या संध्याकाळी जत्रा लोटली होती. पेणकडून टेम्पो, रोह्याकडून रिक्षा, वडापाववाला, शेंगदाणेवाली, सगळं काही. मधोमध डोळे दिपवणारे हॅलोजन, मागे धडधडणारा जनरेटर आणि चौरंगावर मांडी ठोकून बसलेले नक्षत्रमहाराज. माणसं माना उंचावून बसली होती.

गर्दीच्या कडेला स्कूटरला टेकून नमिता उभी होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हा माळ तिचा होता. म्हणजे सातबारा तिच्या नावावर नव्हता, पण शोधला तिने होता. ती पेणला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि पोरांना आकाशदर्शनाला न्यायचं म्हणून अंधार शोधत सगळा तालुका पालथा घालून बसली होती. तिच्या रामवाडीत हायवेचे दिवे. धरमतरला जेट्टीचे फोकस. रोह्याकडे गेलं तर कंपन्यांचा पिवळा उजेड आभाळभर पसरलेला. शेवटी हा माळ सापडला. तिन्ही अंगांना डोंगर आणि औषधाला दिवा नाही. अवसेला इथे बडबडा माणूससुद्धा वर बघून गप्प होतो.

आणि पालक काय म्हणाले? "बाई, अवसेची पोरं घराबाहेर काढायची? पुनवेला न्या की, उजेड तरी असेल." पुनवेला तारे बघायला. नमिताने समजावून पाहिलं, चिठ्ठ्या पाठवल्या, घरोघर जाऊन गळ घातली. पालथ्या घड्यावर पाणी. सहल रद्द झाली. आज तीच अवस, तोच माळ आणि पुढच्या रांगेत बसलेले तेच पालक. महाराजांनी बोलावलं होतं ना.

खरं तर ती आज आली होती दिपिकासाठी. दिपिका तिची विद्यार्थिनी, धरमतरच्या मिठागरात राबणाऱ्या हौसाची मुलगी. बारावी झाली होती, नर्सिंगची प्रवेश परीक्षा तोंडावर होती. दुपारी तिचा फोन आला होता. "बाई, अंजनानं डोले आग आग करतात. महाराज बोलले, पुस्तकाला हात लावायचा नाय. आयनं पुस्तकं बांधून पोटमाल्यावर टाकली. आज मना परत नेतात."

"बघा वर," महाराजांनी माईक तोंडाशी धरला. "सात ऋषी. शेपटाकडून दुसरा वसिष्ठ. त्याला चिकटून अरुंधती माय. लग्नात नवरानवरीला दाखवतात ती. ज्याला ती दिसत नाही, त्याची घटका भरत आली असं जुनी माणसं सांगतात. खरं बोला, कोणाकोणाला दिसते?"

लोकांनी डोळे ताणले. कोणालाच दिसेना. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"नाहीच दिसायची. पापाचं पटल आलंय डोळ्यांवर. आणि खाडीवाल्यांनो, तुमच्यावर तर मिठाचा शाप. तुम्हाला उशिराच दिसणार. पण घाबरू नका, अंजन आहे."

मग पंगत बसली. इथे पंगतीच बसायच्या, लग्नासारख्या. महाराज एकेकाच्या डोळ्यांत बोटाने काळं अंजन घालायचे आणि वर फडकं बांधायचे. "माय उजेडाला लाजते," असं म्हणून निलेश नावाचा त्यांचा माणूस जनरेटर बंद करायचा. मोबाइल आधीच टोपलीत जमा. मग अर्धा तास जप. सगळा माळ काळाकुट्ट.

नमिताही अंधारात उभी होती. फडकी सुटली आणि एका पाठोपाठ एक आवाज उठले. "दिसली." "व्हय गो, दिसली, बारीकशी." कोणी रडायला लागलं, कोणी महाराजांच्या पायांवर पडलं. नमिताने सवयीने चष्मा नीट करत वर पाहिलं. तिलाही दिसत होती. तिच्या डोळ्यांत अंजन नव्हतं.

मेल्याने माझाच नियम माझ्याच माळावर विकायला काढलाय, तिच्या मनात आलं. सहलीच्या प्रत्येक चिठ्ठीत ती पहिलं वाक्य हेच लिहायची, की अर्धा तास दिवा बघू नका, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, मग तारे दिसतील. चिठ्ठी कोणी वाचली नव्हती.

तेवढ्यात हॅलोजन पुन्हा पेटले आणि महाराजांचा चेहरा समोरून लख्ख दिसला. नमिता चपापली. हा तर रोह्याचा हैबतराव. कॉलेजच्या गॅदरिंगला मांडव आणि लायटिंग याचंच असायचं. दिवे गेले की माणूस किती वेळ आंधळा होतो, हे याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

ती गर्दीतून वाट काढत हौसापाशी गेली. हौसाला दिसली होती. शेजारी दिपिका लाल डोळे चोळत बसली होती. तिला या खेपेलाही दिसली नव्हती.

"घोर दोष आहे," चौरंगावरून हैबतराव बोलत होता. "मुलीला पुढच्या पंगतीत बसवा. दुप्पट अंजन लागेल. आणि पुस्तकं बंद म्हणजे बंद. अक्षरं नजर खातात."

"हौसाताई, उठा. तिला आधी डॉक्टरकडे नेऊ," नमिता म्हणाली.

"तुमी गप रावा बाई," हौसा फणकारली. "मी माज्या डोल्यांनी बगितली. तुमच्या पुस्तकात असंल नायतर नसंल. पोरीला काय झाला तर तुमी येनार हाव का?"

नमिताच्या तोंडाशी चांगलंच उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं. भांडून हा घडा भरणार नव्हता. "बरं. डोळ्यांनी बघितलीत ना? मग आता बघा. अंजन अजून डोळ्यांत आहे."

हौसाने वर पाहिलं. हॅलोजनच्या उजेडात डोळे बारीक केले, हाताचा आडोसा धरला. "गेली," ती पुटपुटली.

"अंजन आहे आणि ती गेली?"

"महाराज बोलतात, असर उतरतो. डबी घरी न्यावी लागते."

"नेऊ की. पण आधी एक करा, तुमच्या पोरीसाठी. उजवा डोळा या पाण्याने स्वच्छ धुवा, अंजनाचा अंश राहू देऊ नका. त्याच्यावर फडकं बांधा. डावा असाच राहू दे, अंजन भरलेला, उघडा, दिव्यात. काही वाईट होत नाही. झालं तर माझ्या डोक्यावर."

हौसाने लेकीकडे पाहिलं. त्या लाल डोळ्यांनी काम केलं. तिने नमिताच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, उजवा डोळा धुतला, पदराने पुसला आणि फडकं घट्ट बांधलं. ते पाहून शेजारची इंदुबाई हसली. "का गो हौसा, चोर पकडायला चाललीस?" मग तिनेही गंमत म्हणून एक डोळा धुतला आणि बांधून घेतला. दिपिकाचे दोन्ही डोळे नमितानेच धुतले आणि फडक्याखाली झाकले.

दुसरी पंगत भरेपर्यंत चांगला अर्धा तास हौसा आणि इंदुबाई तशाच बसून राहिल्या, अर्धं तोंड झाकून. हैबतरावाचं अंजन घालून झालं. निलेशने जनरेटर बंद केला. माळावर गडद अंधार पडला.

"आता सोडा फडकं," नमिता म्हणाली. "जप सुरू व्हायच्या आत. आधी डावा डोळा, अंजनाचा."

"काय दिसत नाय. सगला काला."

"आता तो मिटा. उजवा उघडा."

हौसाने उजवा उघडला. मग तिने डावा उघडून पाहिला, उजवा उघडून पाहिला, पुन्हा डावा. मिठागरातली बाई, तिचा आवाज बांधाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा. त्याच आवाजात ती म्हणाली, "अंजनाच्या डोल्याला कायपन दिसत नाय. धुतलेल्या डोल्याला दिसते. अरुंधती दिसते आनि बाजूचे सगले दिसतात."

"मना पन तसाच," अंधारातून इंदुबाई म्हणाली. आता ती हसत नव्हती.

नुकताच सुरू झालेला जप थांबला. हैबतरावाने माईक शोधला, पण जनरेटर बंद, माईक मुका. "श्रद्धा त्या डोळ्यात उतरली," तो ओरडून म्हणाला. "ही मायेची लीला आहे."

"हैबतराव, लीला तुमच्या हॅलोजनची आहे," नमिता म्हणाली. "लख्ख दिव्यातून एकदम अंधारात आलं की डोळा आंधळाच असतो. त्याला अर्धा तास द्यावा लागतो. फडक्याखाली तुम्ही तो अर्धा तास देता आणि नाव अंजनाचं होतं. आणि मिठाचा शाप म्हणे. दिवसभर मिठाच्या पांढऱ्या लखलखाटात राबणाऱ्याच्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला जास्त वेळ लागतो. कष्टाला शाप म्हणायची लाज वाटली पाहिजे. एक डबी मी घेतेय. पोलिसांना देईन. आत काय कालवलंय ते तिथे सांगा."

फडकी सुटायला लागली. हैबतराव चौरंगावरून कधी उतरला ते कोणाला कळलंच नाही. अंधार त्याच्याही सोयीचा होता.

पण हौसा हलली नाही. "बाई, तुमचा समदा खरा. मंग माज्या पोरीला का नाय दिसत? तिला उजेडातपन नाय, अंधारातपन नाय."

इथे मात्र नमिताला क्षणभर भीती वाटली. अंदाज होता, खात्री नव्हती. तिने दिपिकाचं फडकं सोडलं, स्वतःचा चष्मा काढला, जाड भिंगाचा, आणि तिच्या नाकावर बसवला. "बघ. नंबर तुझा नाही, पण बघ."

दिपिकाने मान वर केली. तिचं तोंड उघडंच राहिलं. ती म्हणाली, "बाई, तारे असे असतात? टाचणीसारखे? मना वाटायचा, सगल्यांनाच कापसासारखे दिसतात."

"आणि शेपटाकडून दुसरा?"

"दोन हायेत. एक मोटा, एक बारीक."

हौसा लेकीकडे सरकली. लेकीचे पाय तिने धरले आणि रडू लागली. "नजर कमी होती गो तुजी. आनि मी पुस्तकं बांधून टाकली."

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे," नमिता म्हणाली. "आधी ही आग थांबवू, मग नंबर काढू. हा डोळ्यांचा दोष आहे, नशिबाचा नाही. डोळ्यांचा दोष मोजता येतो. जो तुम्हाला दोष सांगेल पण मोजू देणार नाही, त्याच्या दारात उभं राहू नका. तो कोणीही असो. मी असले तरी."

निलेशला काय करावं सुचेना. महाराज पसार, गर्दी समोर. त्याने चाचपडत जनरेटरची दोरी धरली.

"दिवा लावू नको रं," हौसा नाक पुसत म्हणाली. "पोर बगते हाय."

तिच्यामागून आणखी दोघा-तिघांनी तेच सांगितलं. पुढच्या रांगेतले पालकही तिथेच बसून राहिले, अवसेच्या अंधारात, वर बघत. नमितानेही वर पाहिलं. चष्म्याशिवाय तिला नुसता कापूस दिसत होता. तिने दिपिकाकडे चष्मा परत मागितला नाही.