जेवणानंतरचा अर्धा तास

दुपारचं जेवण मुंगीचं व्हायचं आणि पोटात गोळा आजोबांच्या यायचा. शेवटचा चमचा तिच्या घशाखाली उतरला की ते घड्याळाकडे बघत बसायचे. दहा मिनिटं गेली, काही नाही. बारा गेली. आज सुटलो बहुतेक, असं वाटेपर्यंत मुंगीचा चेहरा बदलायचा.

मुंगी ही त्यांच्या लेकीची लेक. वय सात, पण अंगाने चार वर्षांच्या पोरीएवढी, म्हणून हे नाव पडलं. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. मान सावरणं, बसणं, गिळणं, बोलणं, इतरांना ज्यांचा पत्ताही लागत नाही ती सगळी कामं तिला डोंगर चढल्यासारखी होती. बोलत नव्हती म्हणून गप्प होती असं मात्र नाही. खूश झाली की "ग्या" म्हणून खोली दणाणून सोडायची, आणि नको असेल तेव्हा ओठ असे मिटायची की चमचा सोडा, सुईसुद्धा आत जायची नाही. हट्टीपणा आजोबांवर गेलाय, असं लेक म्हणायची. आजोबांना ते मनातून आवडायचं.

आजोबा सुतार. चाळीस वर्षं लोकांची कपाटं आणि दारं केलेली. लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासून द्यायची, पण मुंगी झाल्यावर ते काम सुटलं ते सुटलंच. जावई जहाजावर, इंजिनखात्यात, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे सगळा भार लेकीच्या एकटीच्या डोक्यावर. तीन महिन्यांपूर्वी जुन्या दुकानदाराने तिला परत बोलावलं तेव्हा ती नाहीच म्हणत होती. आजोबांनीच मग आपली हत्यारं पेटीत भरली, लेकीच्या घरी मुक्काम हलवला आणि मी असताना तुला कसली काळजी, म्हणून तिला कामावर धाडलं.

पहिल्या पंधरा दिवसांत त्यांनी मुंगीसाठी खुर्ची केली. विकतच्या खुर्चीत ती एका बाजूला कलंडायची, ते त्यांना बघवत नव्हतं. डोक्याला दोन्हीकडून आधार, पायाखाली फळी, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि ती पुढे घसरू नये म्हणून पोटावरून जाणारा चांगला वीतभर रुंद पट्टा. खुर्ची बघून लेकीचे डोळे भरून आले होते. मुंगी "ग्या" म्हणाली होती.

त्यानंतर महिनाभराने ते सुरू झालं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांत मुंगी धनुष्यासारखी मागे ताठ व्हायची, मान एका बाजूला पिळायची, चेहरा लालभडक. मग तोंड उघडून रडायची, पण आवाज घोगरा, बसलेला. कधी स्वतःच्याच मनगटाला चावायची. आजोबा तिला उचलून खांद्यावर घ्यायचे, पाठ चोळायचे, आणि त्यांच्या सदऱ्यावर आंबूस वासाचा एक ओला डाग पडायचा.

मुंगीला लहानपणी झटके येऊन गेले होते. औषध चालू होतं आणि दोन वर्षांत एकही झटका नव्हता. आजोबांनी मनाशी पक्कं धरलं की झटकेच परत आले. आणि इथेच ते चुकले. लेकीला त्यांनी सांगितलं नाही. म्हणजे अगदीच सांगितलं नाही असं नाही. आज जरा रडली, एवढंच सांगितलं. दिवसातून चार वेळा झालं तर एकदा सांगितलं, सहा वेळा झालं तर दोनदा. लेक कामावरून यायची ती दुकानातल्या गमती सांगत यायची. कोणी गिऱ्हाईक डोक्यावर चष्मा ठेवून दुकानभर चष्मा शोधत होतं, असं काहीबाही. सात वर्षांनी ती अशी हसत होती. खरा आकडा सांगितला असता तर दुसऱ्याच दिवशी तिने काम सोडलं असतं, हे त्यांना बाप म्हणून कळत होतं. शिवाय एक गोष्ट ते स्वतःशीही कबूल करत नव्हते: पोर माझ्या हाताखाली बिघडली, असं कोणी म्हणू नये.

तीन महिन्यांची नेहमीची तपासणी आली. दवाखान्यात मुंगीला वजनकाट्यावर ठेवलं. दीड किलो कमी भरलं. डॉक्टरबाईंनी काटा पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. तेवढंच. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टरबाईंनी शांतपणे एकेक विचारायला घेतलं. खाते का? लेक म्हणाली, सकाळी माझ्या हातून नीट खाते. रडते का? कधीतरी, दिवसातून एकदा-दोनदा. मग त्या आजोबांकडे वळल्या, कारण दिवसभर तेच तिच्याजवळ असतात हे कागदावर लिहिलेलं होतं.

"आजोबा, एकदा की दोनदा?"

आजोबांनी टोपी काढून हातात घेतली. मुंगी लेकीच्या मांडीवर होती, तिचा गार हात आजोबांच्या बोटाला लागत होता. त्या हाताच्या मनगटावर दातांचे वण होते.

"पाच-सहा वेळा," ते म्हणाले. "परवा आठ वेळा. महिना-दीड महिना झाला."

लेकीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती मुंगीच्या मोज्याची गुंडाळी सरळ करत राहिली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, पण त्यांनी सोडलंही नाही. केव्हा होतं, आधी काय खाल्लेलं असतं, किती वेळ टिकतं, त्या वेळी हाक मारली तर बघते का, नंतर झोपते का. आजोबांना सगळं तोंडपाठ होतं. आंबूस वासाचं सांगितलं. आवाज बसल्याचं सांगितलं. ताकद यावी म्हणून रोज वाटीभर संत्र्याचा रस देतो, तेही सांगितलं. बाईंनी मुंगीचं तोंड उघडून दात बघितले. मागच्या दातांवरची चमक गेली होती.

मग त्या म्हणाल्या की हे झटके असतीलच असं नाही. पोटातलं आम्ल वर घशात येत असावं, दातांची चमकही त्यानेच गेली असावी. मोठ्या माणसाला छातीत जळजळ झाली तर तो सांगतो. हिला सांगता येत नाही, म्हणून ती अंगाने सांगते. अशा मुलांमध्ये हे पुष्कळदा असतं, कारण स्नायूंवर ताबा कमी आणि बराच वेळ आडवं राहणं. तरीही झटक्यांची शंका अंगावर काढायची नाही. मेंदूचा आलेख काढू, आणि घरी पुन्हा झालं तर मोबाईलवर चित्रण करून पाठवा.

घरी आल्यावर मुंगीला गादीवर ठेवून लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"बाबा, मी काम सोडलं असतं, खरंय. पण तो निर्णय माझा होता. तुम्ही माझ्याकडून तो चोरलात."

रागावली असती, भांडली असती तर बरं, असं आजोबांना वाटलं. तिने चार दिवसांची रजा घेतली.

ते चार दिवस काही केल्या सरेनात. आलेख काढून झाला, पण निकाल यायचा होता. रोज होतं तसंच दिसावं म्हणून दुपारचं भरवणं आजोबांकडेच ठेवलं. मुंगी ताठ झाली की एकाने तिला धरायचं आणि दुसऱ्याने चित्रण करायचं. धरायची लेक, म्हणून मोबाईल आजोबांच्या हातात. दुखणाऱ्या पोरीला जवळ न घेता तिच्याकडे नुसतं बघत उभं राहणं त्यांना आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम वाटलं. चौथ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. आलेखात झटके नाहीत, चित्रणावरूनही आम्लच दिसतंय. लेक भिंतीला टेकून खाली बसली.

औषध सुरू झालं, जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायचं. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान. संत्र्याचा रस बंद, टोमॅटो बंद. पातळ पदार्थ किती घट्ट करायचे ते बाईंनी चमच्याने मोजून दाखवलं. जेवण झालं की निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. आणि पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर वर. हे ऐकताच आजोबा उठले, ठोकळे कापले, पलंगाच्या पायांना बसतील अशा खाचा पाडल्या आणि पलंग हलवून हलवून बघितला. निदान एवढं तरी आपल्या हातचं आहे, याचं त्यांना बरं वाटलं. लेक कामावर परत गेली. जाताना म्हणाली, दुपारी फोन करून आकडा सांगायचा. खरा.

पाच-सहावरून आकडा तीनवर आला. मग तीनवरच अडला. आठवडा गेला, दुसरा गेला. आजोबा डोळ्यांत तेल घालून सगळं पाळत होते, घोट मोजत होते, मिनिटं मोजत होते, तरी दुपारी मुंगी ताठ व्हायचीच. वजन तिथेच. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की फरक पडला नाही तर पोटाची मोठी तपासणी, आणि कदाचित पोटात नळी बसवून त्यातूनच खाऊ घालणं. नळीचा विचार आला की आजोबांना घास जायचा नाही.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी लेक रोजचे आकडे लिहायच्या वहीत बघत म्हणाली की रविवारी एकदाही होत नाही. दोन्ही रविवार कोरे आहेत.

आजोबांना ते लागलं. रविवारी भरवायची लेक. म्हणजे खोट माझ्या हातात, असं म्हण ना सरळ, ते फणकारले. लेक म्हणाली, मी तसं म्हटलं नाही, फक्त वेगळं काय होतं ते शोधतेय. तेच औषध, तेच खाणं, तोच चमचा. मी तिला मांडीवर घेऊन भरवते, तुम्ही खुर्चीत. एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी मुंगी सकाळी डुलकी घेत असताना आजोबांनी आपली न्याहारी पोटभर केली. मग एका साध्या खुर्चीत बसले, मुंगीच्या खुर्चीचा पट्टा सोडवून दोरीने वाढवला आणि तिला आवळतात तसाच आपल्या पोटावर आवळला. शिवाय थोडे पुढे वाकले, ती दमली की वाकते तसे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. छातीच्या हाडामागे जळजळीत काहीतरी वर आलं आणि तोंड आंबट झालं. त्यांनी पट्टा सोडला नाही. पंधरा मिनिटं पूर्ण केली. मग सोडला, आणि तसेच बसून राहिले. दीड-दोन महिने ते पोरीला भरवत होते आणि भरवून झालं की स्वतःच्या हातांनी ते वर ढकलत होते.

लेकीला त्यांनी दुपारपर्यंत थांबवलं नाही. तेव्हाच दुकानात फोन लावला.

"खुर्चीचा पट्टा आहे," ते म्हणाले. "तिच्या पोटावर दाबतो. मीच केलाय."

पलीकडे दुकानातल्या मशीनची घरघर ऐकू येत होती. मग ती बंद झाली.

"बाबा, तुम्ही ती घसरू नये म्हणून केलात," लेक म्हणाली. "आज तिला मांडीवर भरवा. दवाखान्यात मी आत्ताच विचारते."

दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी दोन दिवसांनी घरी येऊन खुर्ची बघितली. लाकूडकाम उत्तम, म्हणाल्या, पण पट्टा पोटावर नको, खाली, मांड्या आणि कंबर जुळतात तिथे. बैठक मागे किंचित उतरती करा, म्हणजे ती घसरणार नाही आणि वाकणारही नाही. किती उतार ते आजोबांनी दोनदा विचारून घेतलं. मग बैठक काढली, रंधा मारला, पुन्हा बसवली. पटलं नाही. पुन्हा काढली. तिसऱ्या खेपेला मुंगी ताठ बसली आणि तिच्या पोटापुढे हात सहज सरकेल एवढी जागा राहिली.

त्या आठवड्यात एक दिवस आकडा एक होता. मग दोन दिवस शून्य. मग अचानक एका दिवशी तीन. आजोबा इतके घाबरले की फोन करताना त्यांचे शब्द जुळेनात. लेकीनेच त्यांना समजावलं की थोडं सर्दीचं आहे, खोकल्याने वर येतं, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं.

महिन्याने वजन केलं तेव्हा काटा सहाशे ग्रॅमने वर होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, नळीचं आत्ता बाजूला ठेवू. आत्ता, हा शब्द आजोबांनी नीट ऐकला. हे जाणारं दुखणं नाही, सांभाळायचं आहे, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. सर्दी झाली, औषध बदललं, पोर उंच झाली की सगळा हिशोब पुन्हा मांडायचा. लेकीने विचारलं, खुर्ची किती दिवस पुरेल? बाईंनी मुंगीची मांडी टेपने मोजली आणि म्हणाल्या, अशीच वजन वाढवत राहिली तर सहा महिन्यांत नवी लागेल.

आजोबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि ते माप पुन्हा एकदा सांगायला सांगितलं.