माझं यान केलं त्या दिवशी

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे आणि मी रागावलेला आहे. म्हातारपणी गोड बोलावं म्हणतात. ते आज माझ्याकडून व्हायचं नाही, कारण माझ्या बुडाला अकरा भोकं आहेत.

पोंभुर्ण्याकडच्या एका गावात सुकलू नावाच्या कारागिराने सावरीच्या एकाच खोडातून मला वाकसाने तासून-तासून कोरलं. पंधरा वर्षं दादाजी ढिवर आणि त्याची बायको गोकुळा माझ्यात बसून तलावात जाळं टाकत होती. त्यांचं पोट माझ्यावर होतं. त्या घरची एक रीत मात्र कडक होती. डोंगा पालथा घालायचा नाही. मालक मेला, तर त्याच दिवशी घालायचा.

यंदा, म्हणजे १९९९ साली, शाळेच्या संमेलनासाठी देवानंद गुरुजींनी नाटक लिहिलं. परग्रहावरचे लोक यानातून आमच्या तलावात उतरतात आणि फोन, रेडिओ, जीप, सगळी यंत्रं बंद पाडतात. शेवटी शहरातला शास्त्रज्ञ संगणकाचं बटण दाबतो आणि यान जळून खाक होतं. अहो गुरुजी, सगळी यंत्रं बंद पडली, तर तुमचा संगणक बरा चालू राहिला! पण डोंग्याला कोण विचारतो?

दादाजी तेव्हा तापाने खाटेवर पडला होता. गुरुजी त्याच्याकडे मला मागायला आले.

"दोन दिवसाईत आणून देतो, दादाजीभाऊ. ओरखडा नाई येऊ देत."

"न्या, गुरुजी. पोराइचं काम आहे," दादाजी म्हणाला.

शाळेत नेल्यावर मला पालथं घातलं, चंदेरी रंग फासला आणि दिवे बसवायला गिरमिटाने बुडाला भोकं पाडली. भोक पडलं की डोंगा बुडतो, हे शिकलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं? मला अजून पटत नाही.

संमेलन दुपारी होतं. खिडक्यांना घोंगड्या लावून वर्गात अंधार केला. माझ्याखाली दोन पोरं परग्रहवासी होऊन लपली. दिवे लागले, टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, घडीभर मलाही बरं वाटलं. तेवढ्यात वीज गेली. दिवे गेले, टेपरेकॉर्डरमधला स्फोटही गेला. शास्त्रज्ञ झालेली डिंपल पुठ्ठ्याच्या संगणकाचं बटण दाबत राहिली. यान काही जळेना. शेवटी कोणीतरी घोंगड्या काढल्या, उजेड आत आला आणि मागे बसलेल्या गोकुळाला मी दिसलो.

"कोन मेलं माह्या घरी?" ती उभी राहून ओरडली. "माहा मानूस खाटेवर जिता आहे! डोंगा काऊन पालथा घातला?"

"गोकुळाबाई, नाटक सुरू आहे. हे यान आहे," गुरुजी म्हणाले.

"चांदण्याइतून आले म्हनता, अन् पान्यात उतराचं नाई समजत? भोकं पाडून पान्यात उतरते, हे कसे हुशार लोक?"

तिने खांदा लावला आणि एकटीने मला सुलटं केलं. दोन्ही परग्रहवासी किंचाळत पळाले. लोकांना वाटलं, हाच शेवट. टाळ्या थांबेनात.

गुरुजींनी तो शेवट वहीत उतरवून घेतला. तालुक्याला नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. यंत्रांच्या मर्यादा फार छान दाखवल्या, असं परीक्षक म्हणाले. कौतुकाने भोकं बुजत नाहीत, मित्रांनो.

दादाजी तापातून उठला. त्याने राळ आणि चिंध्या कोंबून पाहिल्या, पण तलावाच्या मध्यावर गेलो की मी पाणी घेतोच. आता तो छातीभर पाण्यात उभा राहून जाळं टाकतो, खोकतो, पुन्हा टाकतो. मी काठावर पडून बघतो आणि माझा जळफळाट होतो. तुम्ही खुशाल आभाळातली यानं उडवा. पण कुणाची वस्तू मागून न्याल, तेव्हा तिच्यावर कोणाचं पोट आहे, तेवढं आधी विचारा.

काल गुरुजी परत आले. नाटक जिल्ह्याला जायचं आहे, डोंगा पाहिजे म्हणाले.

"न्या," गोकुळा म्हणाली. "पन माहा मानूस जिथी उभा आहे ना, तिथी एक दिवस तुमी उभे राहा. मंग न्या."

गुरुजींनी तलावाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे पाहिलं, आणि ते निघून गेले.